याच्या प्लगला वायर कुठाय?

(हे आमच्या पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले पॉज आणि दोन-चार 'अं...' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

सुरुवातीला जो आवाज ऐकलात, म्हणजे आधी सुरळीत टर्रटर्र, मग कुणी काही न करता वर वर चढत गेलेला ईंऽऽऽ, आणि मग एकदम शांतता, तो आवाज माझ्या फोनमध्ये गेली बरीच वर्षं पडून आहे. फोन तीनदा बदलला, क्लिप तीच. आवाज आहे अडीच सीसीच्या एका नायट्रो इंजिनाचा, रिमोट कंट्रोल कारच्या. आणि शेवटची जी शांतता आहे ना, ती आम्हा चौघांची सेकंड इयरची सगळी शिल्लक.

ज्यांनी नायट्रो कार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही बॅटरी आणि मोटरवाली गाडी नाही. हिच्यात खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. पिस्टन, क्रँक, कार्बोरेटर, सायलेन्सर, सगळं लिंबाएवढ्या आकारात. पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण टाकायचं. दोरी ओढून किक मारायची. सुरू झाली की अख्खं हॉस्टेल खिडकीत.

आमची गाडी सेकंड हँड होती. सुरू व्हायची, पळायची, पण ब्रेक मारून उभी केली की आयडलिंगला टिकायची नाही. थ्रॉटल सोडला तरी आवाज वरच राहायचा, मग हळूहळू उतरायचा आणि बंद. मी काय केलं? व्हिडिओ पाहिले आणि स्क्रू फिरवले. आवाज वर राहतोय म्हणून आयडलचा स्क्रू कमी केला. मग इंजिन बंदच पडायला लागलं. मला वाटलं, इंधन जास्त होतंय, गुदमरतंय. म्हणून लो-स्पीड नीडल आत घेतली. थोडी. मग अजून थोडी.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन सांगलीला मामाकडे गेलो. मामाचं गॅरेज टू-व्हीलरचं. राजदूत, येझदी, बजाजच्या जुन्या स्कूटर, लुना, सगळ्या टू-स्ट्रोकचे डॉक्टर. त्यांनी इंजिन तळहातावर घेतलं, इकडून-तिकडून पाहिलं आणि विचारलं, "आरं, याच्या प्लगला वायर कुठाय?"

"मामा, याला वायर नसते."

"मग करंट कुठनं येतो?"

"सुरू करताना प्लगवर एक छोटी बॅटरी लावतो. सुरू झालं की काढून घेतो."

"आणि काढल्यावर?"

मी गप्प. इंजिनिअरिंगला होतो, केमिस्ट्री पास झालो होतो, आणि 'काढल्यावर काय' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजचा भाग त्या उत्तराचा आहे. सुरुवात मात्र इंजिनापासून नाही, कोळशाच्या खाणीपासून करावी लागते.

२५ मे १८१२. इंग्लंडच्या ईशान्येला फेलिंग नावाच्या गावी कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ९२ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. खाणीत साचलेला ज्वालाग्राही वायू आणि उघड्या दिव्याची ज्योत, एवढं कारण पुरेसं होतं. असे स्फोट सतत होत होते, म्हणून सुरक्षित दिवा शोधायचं काम हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाकडे आलं. १८१५ मध्ये त्याने तारेच्या जाळीचा प्रसिद्ध दिवा केला. पण तो तिथे थांबला नाही. वायू आणि हवेच्या मिश्रणांवर प्रयोग चालूच ठेवले, आणि १८१७ मध्ये त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. प्लॅटिनमची बारीक तार गरम करून वायू-हवेच्या मिश्रणात धरली की ज्योत नसतानाही ती लाल राहते. विझतच नाही. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं ठेवलं, दिवा पेटवला आणि फुंकून विझवला, तरी वेटोळं स्पिरिट संपेपर्यंत चमकत राहतं. तांब्याच्या तारेने होत नाही, चांदीच्या नाही, लोखंडाच्या नाही. प्लॅटिनमने होतं, पॅलेडियमने होतं.

आज आपण याला उत्प्रेरक म्हणतो, दहावीच्या पुस्तकात आहे. डेव्हीच्या वेळी तो शब्दच नव्हता. बर्झेलिअसने त्या प्रकाराला 'कॅटॅलिसिस' हे नाव दिलं ते १८३५ मध्ये. मधल्या काळात, १८२३ मध्ये, येना शहरातल्या डोबेरायनर नावाच्या प्राध्यापकाने याच गुणावर चक्क लायटर बनवला. हायड्रोजनची धार प्लॅटिनमवर सोडायची की भक्कन पेट. काडेपेटी घरोघरी पोहोचायच्या आधी लोक हा लायटर टेबलावर ठेवायचे.

म्हणजे स्पिरिट, हवा आणि प्लॅटिनमचं वेटोळं. ही तिन्ही नावं लक्षात ठेवा, सव्वाशे वर्षं पुढे उडी मारायची आहे.

१९३० च्या दशकातली अमेरिका. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊन या तरुणाने विमानाच्या मॉडेलसाठी छोटं पेट्रोल इंजिन बनवलं. ते बसवून मॅक्सवेल बॅसेट नावाच्या पोराने १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत रबर पिळून उडणाऱ्या विमानांना मागे टाकलं. १९३४ पासून 'ब्राऊन ज्युनियर' बाजारात मिळायला लागलं आणि एक अख्खा छंद जन्माला आला. कॅलिफोर्नियात डूलिंग बंधूंसारख्या लोकांनी अशीच इंजिनं छोट्या रेसिंग कारमध्ये बसवली. रिमोट वगैरे काही नाही. मैदानाच्या मध्ये खांब, खांबाला तार, तारेच्या टोकाला गाडी. सुटली की गोल गोल, आणि वेग असा की मध्ये पाय आला तर पाय गेला.

ही सगळी इंजिनं स्पार्कवाली होती. मामाला ती लगेच कळली असती: प्लगला वायर, वायरच्या मागे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि बॅटरी. पण मोटारसायकलला या सामानाचं ओझं जाणवत नाही, हातभर पंखांच्या विमानाला जाणवतं. इंजिन एवढंसं आणि त्याला पेटवणाऱ्या सामानाचं वजन जवळपास इंजिनाइतकं. शिवाय निम्मा वेळ बिघाड त्या वायरिंगमध्येच.

१९४७ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या रे आर्डन या माणसाने प्रश्नच उडवून लावला. आर्डन हा जुना खेळणी-यंत्रं करणारा कारागीर. त्याने प्लगमध्ये ठिणगीची फट काढून टाकली आणि तिथे प्लॅटिनमचं छोटं वेटोळं बसवलं. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते तापवायचं. एकदा इंजिन फिरायला लागलं की सेल काढा. इंधन मिथेनॉल, म्हणजे स्पिरिटचाच भाऊ. दर स्ट्रोकला दाबामुळे गरम झालेलं मिश्रण, मागच्या स्फोटाची उरलेली धग आणि प्लॅटिनमवर चाललेली ती रासायनिक क्रिया, हे तिघं मिळून वेटोळं लाल ठेवतात. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, बॅटरी गेली. वर्ष-दोन वर्षांत छोट्या इंजिनांच्या जगातून ठिणगी जवळपास हद्दपार झाली. डेव्हीचा दिवा खाणीतून निघून खेळण्याच्या सिलिंडरमध्ये बसला होता.

मामाला मी हे नंतर फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग टायमिंग कोण ठरवतं?"

बघा, जो माणूस आयुष्यभर पॉइंट सेट करतो तोच हा प्रश्न विचारू शकतो. स्कूटरमध्ये ठिणगी कधी पडणार हे फ्लायव्हीलच्या जागेवर ठरतं. कार्बोरेटर वाईट सेट असेल तर गाडी धूर टाकेल, मिसिंग मारेल, पण ठिणगी आपल्या वेळेला पडणारच. ग्लो इंजिनमध्ये अशी वेळ ठरवणारं काहीच नाही. मिश्रण पातळ असेल, इंजिन तापलं असेल, तर पेट लवकर होतो. मिश्रण जाड असेल, वेटोळं थंडावलं असेल, तर उशिरा. म्हणजे कार्बोरेटरचा एकच स्क्रू इंधन किती जाईल तेही ठरवतो आणि ते पेटणार कधी तेही. कोडिंग करणाऱ्यांना सांगतो, एकाच व्हेरिएबलवर दोन असंबंधित फीचर लटकलेत. हात लावला की दुसरीकडे काहीतरी तुटणार.

आर्डनला याचा फारसा त्रास का झाला नाही? कारण १९४७ मध्ये बहुतेकांना आयडलिंग नकोच होतं!

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वात जास्त आवडते. तेव्हाची मॉडेल विमानं एकतर मोकळी सोडायची, नाहीतर दोन तारा हातात धरून स्वतःभोवती गोल उडवायची. पोर्टलंडच्या जिम वॉकरने १९४० च्या सुमारास लोकप्रिय केलेला तो प्रकार म्हणजे कंट्रोल लाईन. तुमच्यापैकी कुणी एनसीसीच्या एअर विंगमध्ये असेल तर पाहिला असेल. यात इंजिन फुल स्पीडला सुरू होतं आणि टाकी रिकामी झाली की बंद पडतं. मधलं काही नाही. तारेवरच्या गाड्यांचंही तेच. १९५० च्या दशकात कॉक्स कंपनीची ०.८ सीसीची पिटुकली इंजिनं पोरापोरांच्या हातात गेली, त्यांनाही थ्रॉटल नव्हता. फुल स्पीडला ग्लो प्लग खूश असतो. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०० स्फोट. दोन स्फोटांमध्ये दोन मिलिसेकंद. वेटोळ्याला थंड व्हायला वेळच नाही.

अडचण आली ती रेडिओमुळे. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्येच रेडिओने विमान उडवलं होतं, पण तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षं हातात आलं ते मुख्यतः सुकाणू. १९५० च्या दशकात जास्त चॅनेलचे रेडिओ आले आणि माणसाला साहजिकच वाटलं, आता इंजिनाचा वेगही हातात हवा. विमान उतरवताना इंजिन हळू व्हावं, पण बंद पडू नये. म्हणजेच आयडल.

आणि इथे आर्डनचं बिल आलं. थ्रॉटल बंद केला की सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं, स्फोट मंद होतात, दोन स्फोटांमधला वेळ कितीतरी वाढतो. वेटोळं थंड व्हायला लागतं. त्यात क्रँककेसमध्ये साचलेलं ओलं इंधन थेंबाथेंबाने वर उडतं आणि तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं वेटोळ्यावर पडतं.

पुढची काही दशकं लोकांनी हा एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी सोडवला. प्लगच्या तोंडाशी एक आडवी पट्टी बसवली, थेंब आधी तिच्यावर आपटावा म्हणून. थ्रॉटलसोबत बंद होणारी झडप एक्झॉस्टला लावली, जेणेकरून गरम वायू आत राहून प्लगला शेक मिळेल. कार्बोरेटरला एक छोटं भोक पाडून आयडलला जादा हवा देण्याची सोय केली, आणि नंतर वेगळी लो-स्पीड नीडलच दिली. मी माझ्या हॉस्टेलच्या खोलीत ज्या स्क्रूशी खेळत होतो, तो या सगळ्या खटाटोपाचा शेवटचा अवतार होता.

मग १९६० च्या दशकाच्या शेवटी हीच इंजिनं रेडिओ कारमध्ये आली. अमेरिकेत १९६७ मध्ये रेसिंगची संघटना झाली, जपानमध्ये क्योशोने १९७० मध्ये आपली पहिली इंजिनवाली कार काढली. विमानाच्या इंजिनाला पंखा असतो. तो स्वतःच जड चाकासारखा फिरत राहून मंद स्फोट सांभाळून घेतो आणि वारा घालून इंजिन थंडही ठेवतो. कारमध्ये पंखा नाही. म्हणून फ्लायव्हील आलं, डोक्यावर मोठमोठ्या फिन आल्या, आणि आयडलला चाकं सुटी राहावीत म्हणून सेंट्रिफ्यूगल क्लच आला. लुनाचा असतो तसा, फक्त नखाएवढा. त्यात भर म्हणजे कारचा वापर. विमान आयडलवर येतं उतरताना एकदा. कार प्रत्येक वळणावर येते. पाच मिनिटांच्या रेसमध्ये शंभर वेळा थ्रॉटल सुटतो आणि शंभर वेळा त्या वेटोळ्याने जिवंत राहायचं असतं.

इंधनाबद्दल थोडक्यात बोलतो. नायट्रोमिथेन १८७२ मध्ये कोल्बे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला साधारण साडेसहा पट, नायट्रोमिथेनला फक्त १.७ पट. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. ताकद वाढते हे सगळे सांगतात. पण नायट्रो असलं की आयडलही जास्त स्थिर राहतं, हे कमी लोक सांगतात. आणि तेल? अनेक इंधनांत आजही एरंडेल असतं. हो, आजीवालं एरंडेल. पहिल्या महायुद्धातली विमानं त्याच्यावर चालायची आणि पायलटांच्या नाकातोंडात त्याचा धूर जायचा, परिणाम काय व्हायचा ते आजीला विचारा. मिथेनॉलमध्ये ते छान मिसळतं आणि खूप तापलं तरी पृष्ठभाग सोडत नाही. एक मात्र आपल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये बाटलीचं झाकण सैल राहिलं तर महिन्याभरात ते इंधन आयडलिंगचा खेळ करतं, आणि तुम्ही बिचाऱ्या नीडलला दोष देत बसता.

आता परत गॅरेजमध्ये.

मामाने स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही. आधी प्लग काढला, त्याला बॅटरी लावली आणि सावलीत धरून पाहिला. वेटोळं पूर्ण नारिंगी व्हायला हवं, अर्धं काळं राहिलं तर प्लग फेका. आमचा ठीक होता. मग इंजिन सुरू केलं आणि बॅटरी काढली. काढल्या काढल्या आवाज पडला असता तर प्लग कमजोर किंवा मिश्रण फार जाड. आवाज पडला नाही, उलट वर चढत गेला.

"हे एअर घेतंय," मामा म्हणाले.

त्यांनी बोटावर ग्रीस घेतलं आणि चालू इंजिनाच्या कार्बोरेटरच्या बुडाला, जिथे तो क्रँककेसमध्ये बसतो, तिथे फासलं. आवाज खाली आला. टर्रटर्र. मी महिनाभर ऐकला नव्हता इतका सुरळीत. आतली रबराची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. तिथून चोरून हवा जात होती, मिश्रण पातळ होत होतं, पातळ झालं म्हणून पेट लवकर होत होता आणि आवाज चढत होता. आणि मी त्यावर उपाय म्हणून नीडल आत घेऊन मिश्रण अजून पातळ केलं होतं.

त्यानंतर मामांनी मला सगळं ओळीने करायला लावलं. ते थ्रॉटलची लिंक पाहा म्हणाले, सोडल्यावर कार्बोरेटरमध्ये मिलिमीटरभर फट राहते ना. हाय-स्पीड नीडल आधी लावायची, कारण लो-स्पीडला येणारं इंधनही तिच्यातूनच येतं. मग आयडलवर असताना कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची. इंजिनाने दोन-चार सेकंद चालून, किंचित वेग घेऊन बंद पडावं. लगेच मेलं तर पातळ, रेंगाळत राहिलं तर जाड. नळीची चाचणी मी व्हिडिओत पाहिली होती, पण हवा चोरत असताना ती खोटं बोलते हे त्यात कुणी सांगितलं नव्हतं. आणि स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या एका तासाएवढा. त्याहून जास्त नाही.

पाच मिनिटं गाडी अंगणात मस्त फिरली. मग तापली, मामासमोर येऊन उभी राहिली आणि बंद पडली. दोरी ओढली, सुरू होईना. गार झाल्यावर सुरू झाली, तापल्यावर पुन्हा बंद.

मामाने प्लग तसाच ठेवून फ्लायव्हील बोटाने फिरवलं. या इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि त्याभोवतीची बाही क्रोम चढवलेल्या पितळेची असते, वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद. गार असताना पिस्टन वर पोहोचला की अडकल्यासारखा घट्ट व्हायला हवा. ती पकड म्हणजेच कॉम्प्रेशन. आमचं फ्लायव्हील लोण्यासारखं फिरलं. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, तेल इंधनातूनच येतं. मिश्रण पातळ म्हणजे तेलही कमी आणि उष्णता जास्त. ओ-रिंगने सुरुवात केली होती, बाकीचं माझ्या स्क्रू ड्रायव्हरने केलं.

मामा काही बोलले नाहीत. ओ-रिंग जुन्या कार्बोरेटरच्या डब्यातून मापाची शोधून बसवली, इंजिन पुसलं आणि माझ्या हातात दिलं. पिस्टन आणि बाहीच्या नव्या सेटची किंमत मी बाहेर जाऊन फोनवर पाहिली आणि तिघांना मेसेज टाकला. एकाचा थंब्स-अप आला. उरलेल्या दोघांनी वाचून सोडून दिला.

ती चिरलेली ओ-रिंग माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. या भागाच्या फोटोत एक रुपयाच्या नाण्याशेजारी दिसतेय ती तीच. पुढच्या भागात लुना. भेटू.